थांबलेल्या मेंटेनरने परत यायचं ठरवलं तर

प्रश्न विचारणारे मूळचे दिंडोरीकडचे, आता इंदिरानगरला राहतात आणि अंबडच्या एका कारखान्यात ऑटोमेशनचं काम बघतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, देवनागरी मजकूर साफ करणं, शोधणं, अकारविल्हे लावणं यासाठीच्या एका मुक्त पायथन लायब्ररीचा (इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडचा) मी दोघांपैकी एक मेंटेनर, म्हणजे सांभाळ करणारा, होतो. २०२० साली वडिलांचं आजारपण, द्राक्षबाग आणि नोकरी असं सगळं एकदम अंगावर आलं आणि मी कुणाला काही न सांगता थांबलो. आता घर सावरलंय. जाऊन बघितलं तर दोनशेच्या वर इश्यू, म्हणजे तक्रारी आणि सूचना, उघडे पडलेत, माझा जोडीदार एकट्याने किल्ला लढवतोय, दोन नवे लोक आलेत. मी परत जाऊ का? आणि गेलो तर कुठल्या तोंडाने?"

जरूर जा. पण मेंटेनर म्हणून जाऊ नका, कामाला म्हणून जा. अधिकार मागायचेच असतील तर अगदी शेवटी मागा. बाकी जे सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

मुक्त सॉफ्टवेअर सांभाळायचं हे काम मी नाशिकला बसून बरीच वर्षं करतेय. त्यात बहुतेक वेळा मी दुसऱ्या बाजूला होते, म्हणजे माणूस निघून गेल्यावर मागे राहून त्याच्या वाटणीचे इश्यू निस्तरणाऱ्यांच्या बाजूला. परत आलेली माणसं मी तिथून पाहिली आहेत. काही जण पंधरा दिवसांत पुन्हा मिसळून गेले. काहींच्या येण्याने उरलेलेही गेले. हा फरक कोडिंगच्या कौशल्याने पडलेला मी एकदाही पाहिला नाही.

आधी ते "कुठल्या तोंडाने" बाजूला ठेवू. हे स्वेच्छेचं काम आहे. वडील आजारी असताना तुम्ही बागेत आणि दवाखान्यात होतात, ते योग्यच होतं. त्याचा हिशोब तुमच्याकडे कुणी मागणार नाही, मागितला तर द्यायचं कारण नाही. न सांगता थांबलात एवढं मात्र खरं, आणि त्यासाठी एक साधी, सरळ माफी पुरते. हे आवर्जून सांगते, कारण अपराधी भावनेतून परत आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात रात्र रात्र जागून चाळीस इश्यू उडवतो आणि दोन महिन्यांत पुन्हा गायब होतो. दुसऱ्यांदा गेलेल्या माणसाबद्दल मागच्यांच्या मनात जे येतं ते पहिल्यापेक्षा फार कडू असतं. म्हणून स्वतःला विचारून बघा, ते काम आठवलं की हात शिवशिवतात का? शिवशिवत असतील तर पुढे वाचा. नुसतंच ओझं वाटत असेल तर जोडीदाराला आभाराचं एक पत्र लिहा, आपलं नाव मेंटेनरच्या यादीतून काढून घ्या आणि निश्चिंत व्हा. तोही चांगला, स्वच्छ शेवट आहे.

आता तयारी. कुणाला एक अक्षर लिहायच्या आधी दोन-तीन आठवडे फक्त वाचा. तुम्ही गेलात तेव्हाचं जग आणि आजचं यात बरंच पाणी वाहून गेलंय. कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावर पासवर्ड टाकून गिट पुश करणं, म्हणजे कोड चढवणं, १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद झालं, आता टोकन किंवा एसएसएच की लागते. २०२३ मध्ये कोड देणाऱ्यांसाठी तिथे दुहेरी पडताळणी सक्तीची होत गेली आणि १ जानेवारी २०२४ पासून पायपीआयनेही (पायथनची पॅकेजं जिथून मिळतात ते भांडार) ती सगळ्यांना लागू केली. तुमचं पायपीआय खातं आधीच्या कंपनीच्या ईमेलवर असेल तर ते आजच तपासा. गिटहबवरच्या नव्या रेपोंची (कोडच्या कोठारांची) मुख्य ब्रँच ऑक्टोबर २०२० पासून 'मेन' नावाने येते, तुमच्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये कदाचित अजून 'मास्टर' असेल. टेस्ट आपोआप चालवणाऱ्या ट्रॅव्हिसचं जुनं मोफत संकेतस्थळ जून २०२१ मध्ये बंद झालं, तुमच्या टेस्ट तिथेच चालत असतील तर त्या आता दुसरीकडे गेल्या असणार. पायथन ३.१२ मधून पॅकेज बांधायचं जुनं साधन डिस्टयुटिल्स काढून टाकलंय, पॅकेजिंगचा बराचसा कारभार पायप्रोजेक्ट फाइलीत आलाय. गप्पा फ्रीनोड या चॅटच्या जाळ्यावर होत असतील तर मे २०२१ मध्ये बहुतेक प्रकल्प तिथून लिबेरा चॅटवर गेले. ही यादी घाबरवायला दिलेली नाही. एका रविवारी बसलात तर यातलं बरंचसं आटोपतं.

खरं वाचन असतं ते निर्णयांचं. तुम्ही नसतानाची प्रत्येक रिलीज नोट, म्हणजे नव्या आवृत्तीसोबतचं टिपण, वाचा. मोठे बदल कुठे झाले आणि त्यांची चर्चा कुठे झाली ते शोधा. एखादं फंक्शन तुम्ही जिवापाड जपून लिहिलं होतं, ते काढून टाकलेलं दिसेल. वाईट वाटेल, वाटू द्या. पण ज्या इश्यूवरून ते काढलं तो शेवटपर्यंत वाचा. दहातल्या आठ वेळा कारण पटतं. उरलेल्या दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा आणि निदान तीन महिने उघडू नका.

यावर एवढा जोर का देतेय ते सांगते. मागे राहिलेल्यांना तुमची गैरहजेरी फारशी खुपत नसते. त्यांना खुपतं ते पहिल्या आठवड्यातलं "हे असं का केलं?" हे वाक्य. मी पाहिलेल्या एका प्रकल्पात एक जुने, फार गुणी गृहस्थ तीनेक वर्षांनी परतले. त्यांच्या मागे सगळ्यांनी मिळून कोडची मांडणी आपोआप करणारं एक साधन लावलं होतं. त्यांना ते आवडलं नाही. जुना कमिट अॅक्सेस, म्हणजे कोड थेट बदलायचा अधिकार, शाबूत होता, त्यांनी ते काढून टाकलं आणि खाली कारणांचा लांबलचक मजकूर लिहिला. मुद्दे चुकीचे होते असंही नाही. पण ज्या दोन मुलींनी ते साधन बसवायला महिनाभर खपून काम केलं होतं, त्या त्यानंतर दिसल्याच नाहीत. साधन परत लागलं, मुली परत आल्या नाहीत.

म्हणून पहिलं पत्र जोडीदाराला, तेही खासगीत. तुम्ही ते बहुधा इंग्रजीत लिहाल, पण आशय साधारण असा असू द्या:

"नमस्कार. २०२० मध्ये मी काही न सांगता थांबलो आणि सगळा भार तुझ्यावर पडला. त्याबद्दल माफ कर, आणि तू हे चालू ठेवलंस याबद्दल मनापासून आभार. घरचं आजारपण होतं, आता ठीक आहे. यापुढे आठवड्याला साधारण चार तास देऊ शकेन, ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षं निघेपर्यंत त्याहून कमी. मधल्या सगळ्या रिलीज नोट्स वाचल्या आहेत. मला सध्या कुठलेही अधिकार नकोत. तुला सगळ्यात नकोसं झालेलं काम कुठलं ते सांग, तिथून सुरुवात करतो. आत्ता नको म्हणालास तरी मी समजून घेईन."

एवढंच. आजारपणाची हकीकत एका ओळीत संपवलीय ती मुद्दाम. सविस्तर लिहिली की समोरच्यावर सांत्वन करायची जबाबदारी येते आणि मनात असलेली नाराजी त्याला बोलता येत नाही. ती त्याला बोलू द्यायची आहे. "नकोसं झालेलं काम" हे शब्द मात्र गाळू नका. एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या माणसाला "मी मदत करू का?" हा प्रश्नही कामच वाटतो, कारण मग काय मदत करायची ते त्यालाच ठरवावं लागतं. नकोसं काय झालंय हे मात्र तो झोपेतही सांगेल. बहुतेक वेळा ते विंडोजवरच्या टेस्ट, कागदपत्रं किंवा एखादा चिवट, भांडखोर इश्यू असतो.

उत्तर आठवड्यात येईल, महिन्यात येईल, कोरडं येईल. कोरडं आलं तर त्यातून अर्थ काढत बसू नका. होकार आला की मग सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी चार ओळी लिहा: मी पूर्वी इथे होतो, आता पुन्हा थोडं काम करणार आहे, अमुक भाग बघतोय, निर्णय नेहमीप्रमाणे सध्याचे मेंटेनरच घेतील. ते शेवटचं वाक्य नव्या दोघांसाठी आहे. त्यांनी तुमचं नाव फक्त जुन्या कमिटांवर पाहिलंय, आणि हे आता येऊन काय करणार ही धाकधूक त्यांना असणारच.

आता अधिकारांबद्दल, आणि इथे मी थोडी थांबणार आहे. कदाचित असं होईल की तुम्ही जाऊन बघाल आणि तुमचा कमिट अॅक्सेस अजून जसाच्या तसा असेल. इतकी वर्षं कुणी काढलाच नसेल. ही आनंदाची गोष्ट नाही. तुम्हीच जोडीदाराला सांगा की माझा अॅक्सेस आत्ता काढ, पायपीआयवरचाही, आणि माझी जुनी टोकनं मी रद्द करतोय.

कारण सांगते. २०२४ च्या मार्च महिन्यात एक्सझेड युटिल्सचं प्रकरण उघडकीला आलं. फाइलींचा आकार कमी करणारी ही छोटी लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्स वितरणात असते. लासे कोलिन हे तिचे मेंटेनर वर्षानुवर्षं एकटे, बिनपैशाने तिचं बघत होते. २०२२ मध्ये काही खाती त्यांच्या मागे लागली की काम पुढे सरकत नाही, दुसऱ्या कुणाला तरी मेंटेनर करा. कोलिन यांनी उघडपणे लिहिलं होतं की त्यांचं मानसिक आरोग्य ठीक नाही आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे. त्याच काळात 'जिया टॅन' नावाचं खातं मन लावून मदत करत होतं. दोनेक वर्षांत त्याने विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे कोडं पडलं, त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं, म्हणून वाचलो. त्याआधी २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातल्या इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचंही असंच झालं होतं. थकलेल्या मेंटेनरने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती कारभार दिला आणि त्या माणसाने बिटकॉइन पाकिटं फोडणारा कोड आत सोडला.

आता तुमच्याकडे जोडीदाराच्या नजरेने बघा. पाच-सहा वर्षं गप्प असलेलं एक खातं अचानक जागं होतं आणि म्हणतं, मी परत आलोय. ते तुम्हीच आहात कशावरून? खातं चोरीला गेलेलं असू शकतं. म्हणून त्याने व्हिडिओवर दोन मिनिटं बोलू म्हटलं, जुन्या कीने सही करून पाठवा म्हटलं, काही महिने नुसत्या पुल रिक्वेस्ट (मंजुरीसाठी मांडलेले बदल) पाठवा म्हटलं, तर मनाला लावून घेऊ नका. किंबहुना त्याने विचारलं नाही तर तुम्हीच सुचवा. जिच्यावर हजारोंचा मजकूर विसंबून आहे ती वस्तू सांभाळणाऱ्याने असंच वागलं पाहिजे.

मोठ्या समूहांनी या येण्या-जाण्याचे रिवाज घालून दिलेत, त्यातले तुमच्या प्रकल्पात आणण्यासारखे बरेच आहेत. पायथनच्या नियमांत थांबलेल्या कोअर डेव्हलपरने स्वतःला 'निष्क्रिय' म्हणून जाहीर करावं असं आहे. दोन वर्षांत ठळक काम नसेल तर समूह तसं विचारू शकतो. नाव यादीत सन्मानाने राहतं, पण मतदान आणि कमिट अॅक्सेस जातो, आणि माणूस पुन्हा काम करू लागला की परत सक्रिय होऊ शकतो. कुबरनेटीस या सर्व्हर सांभाळणाऱ्या मोठ्या प्रकल्पात कुठल्या भागाला कोण मंजुरी देतं याच्या फाइलीतच माजी मंजुरीदारांचा वेगळा रकाना असतो. डेबियन या लिनक्स वितरणात तर हरवलेल्या मेंटेनरांची चौकशी करणारा एक गटच आहे. तो आधी माणसाला हाक मारतो, प्रतिसाद नाही आला तर त्याची पॅकेजं दुसऱ्यांसाठी मोकळी करतो. लिनक्स कर्नलच्या मेंटेनर्स फाइलीत एखाद्या भागापुढे 'ऑर्फन', म्हणजे अनाथ, असं सरळ लिहिलेलं असतं. मला ही पद्धत फार आवडते. ज्याला वाली नाही त्याला वाली नाही हे वाचणाऱ्याला कळतं तरी.

परतलेल्यांची उदाहरणंही बघा. पायथनचे जनक गीडो व्हॅन रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. २०१९ मध्ये पहिली सुकाणू समिती निवडून आली तेव्हा ते पाचांपैकी एक म्हणून तिच्यात आले, वरचे म्हणून नाही. लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स सप्टेंबर २०१८ मध्ये स्वतःच्या वागण्यावर विचार करायचाय असं सांगून बाजूला झाले. त्यांच्या जागी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलची ४.१९ आवृत्ती पूर्ण करून ऑक्टोबरमध्ये कारभार परत सोपवला. आणि खुद्द कोलिन. मागचं दार सापडल्यावर ते परतले, सगळं बारकाईने तपासलं आणि मे २०२४ अखेरीला ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती काढली. त्या परतीबद्दल मला अपार आदर वाटतो.

पहिल्या महिन्यांत नेमकं काय करायचं? नवं फीचर नाही. जे फक्त तुम्हालाच दिसू शकतं असं काहीतरी घ्या. तुमच्या लायब्ररीबाबत ते काय असेल याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे, कारण या जातीच्या लायब्ररींमध्ये हा दोष मी वारंवार पाहते.

वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात न दिसणारी अक्षरं फार येतात. कुणीतरी चांगल्या मनाने पुल रिक्वेस्ट पाठवतो की शून्य रुंदीची सगळी अक्षरं काढून टाकू. हिंदीच्या टेस्ट हिरव्या होतात, बदल मर्ज होतो, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळला जातो. पण मराठीत त्यातला झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी न दिसणारी खूण, निव्वळ कचरा नसतो. "आचाऱ्यांना" हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोडचं ०९३१, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात, विशेषतः जुन्या मजकुरात, साधा र, हलन्त, जॉइनर आणि य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. युनिकोडने जुनी तऱ्हा सुसंगतीसाठी चालू ठेवलीय. आता जॉइनर काढा. र, हलन्त, य उरतं आणि शब्द होतो "आचार्यांना". लग्नाच्या स्वयंपाकाला बोलावलेले आचारी एका क्षणात आचार्य होतात. दऱ्यांचा दर्या होतो. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं असलं तर एका रूपात आणायची युनिकोडची पद्धत, इथे कामाला येत नाही. ते ऱ आणि "र अधिक नुक्ता" यांना एकत्र आणतं, जॉइनरला हात लावत नाही.

दुरुस्ती अवघड नाही. साफसफाईच्या आधी एक पायरी घालायची: र, हलन्त, जॉइनर आणि पुढे य किंवा ह असेल, तर र आणि जॉइनर मिळून ऱ करायचा. ह विसरू नका, नाहीतर कुऱ्हाड आणि वऱ्हाड सुटतील. मग उरलेले जॉइनर खुशाल काढा. हातासरशी ॲ सुद्धा बघा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे जुन्या मजकुरात अ आणि वर चंद्र असं जोडून लिहिलेलं सापडतं. नॉर्मलायझेशन या दोन्हींनाही एक करत नाही, म्हणून शोधाला "ॲप" एका ठिकाणी सापडतं आणि दुसरीकडे सापडत नाही.

आता हे मांडायचं कसं, ते जास्त महत्त्वाचं. "कुणी हे मर्ज केलं?" असं नाही. आधी फक्त नापास होणारी टेस्ट पाठवा: हे आत गेलं, हे बाहेर यायला हवं होतं, हे आलं. शब्दांचे अर्थ एका ओळीत द्या, कारण वाचणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही. ज्याने मूळ बदल केला त्याचे त्यातच आभार माना, कचरा खरोखर होता आणि त्याने तो काढला. दुरुस्तीच्या पुल रिक्वेस्टवर रिव्ह्यू त्याच्याकडेच मागा. असं केलंत की एका फटक्यात तीन गोष्टी होतात: दोष जातो, त्या मुलाला मराठीची एक खाच कळते, आणि तुम्ही दोष शोधायला नव्हे तर हात लावायला आलात हे सगळ्यांना दिसतं.

ते दोनशे इश्यू? एका रात्रीत सगळ्यांवर उत्तरं लिहू नका. जे कोणी रेपो बघत असतात त्या प्रत्येकाच्या मेलमध्ये दोनशे पत्रं पडतात. आठवड्याला सात-आठ घ्या. पायथन २ चे असतील ते आभार मानून बंद करा, त्याचा आधार १ जानेवारी २०२० लाच संपला. बाकीच्यांत सध्याच्या आवृत्तीवर दोष पुन्हा दिसतो का एवढंच तपासून लिहा. "दिसतो, टेस्ट सोबत जोडली आहे" या एका ओळीची किंमत मेंटेनरला विचारा. जुने इश्यू आपोआप बंद करणारा बॉट लावायचा मोह टाळा. तीन वर्षं वाट बघितलेल्या माणसाला यंत्राने "बंद" म्हणून सांगणं मला बरं वाटत नाही.

एक गोष्ट तुमच्या वेळी नव्हती: कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या पुल रिक्वेस्ट आणि सुरक्षेच्या खोट्या तक्रारी. कर्ल या डेटा आणण्या-पाठवण्याच्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ च्या सुरुवातीपासून याबद्दल जाहीरपणे लिहीत आलेत. दिसायला नेटक्या, भाषा गोड आणि आत काही नसतं. साधन वापरू नका असं मी कुणाला म्हणत नाही. नियम एकच ठेवते, पाठवणाऱ्याला प्रत्येक ओळ स्वतःच्या शब्दांत समजावता आली पाहिजे. देवनागरीच्या बाबतीत हे जास्तच कडक पाळा, वरच्या ऱ सारख्या जागी हे बदल हमखास घसरतात.

घर आणि नोकरी. चार तास म्हटलंत तर चारच द्या, आणि घरच्यांना वार सांगून ठेवा. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या, विरळणी, पाऊस आणि गारपिटीची धास्ती असं सगळं लागतं, पुढे माल निघेपर्यंत मन तिकडेच असतं. त्या दिवसांत रिलीज अंगावर घेऊ नका. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर थोडी उसंत मिळत असेल तर मोठी कामं तिथे टाका. २०२७ च्या सिंहस्थात नाशिककर म्हणून शहरातच कितीतरी कामं अंगावर येतील, तेही आत्ताच धरून चाला. प्रकल्पाला कमी वेळ मिळाल्याचं वाईट वाटत नाही, ठरलेला वेळ न मिळाल्याचं वाटतं.

नोकरीचं कलम मात्र हलक्यात घेऊ नका. तुमचं नेमणूकपत्र काढून बौद्धिक संपदेचा परिच्छेद वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनीच असते. घरी, स्वतःच्या संगणकावर, वेगळ्या विषयावर केलेलं काम त्यात सहसा येत नाही, पण बऱ्याच पत्रांत शब्द त्याहून ऐसपैस असतात. एचआरला साधी मेल करून लेखी होकार घेऊन ठेवा. आपल्याकडच्या कारखान्यांत हे कुणी विचारत नाही म्हणून उत्तर यायला वेळ लागतो, पण मला माहीत असलेल्या बहुतेकांना मिळालंय. पैशाबद्दल विचारलं नाहीत, तरी कानावर घालते: शेअर दलाली करणाऱ्या झिरोधाने २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केलाय, त्यातून दर वर्षी दहा लाख डॉलर मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना द्यायचं ठरवलंय. पुढे कधी अर्ज करायचा झाला तर जोडीदाराच्या नावाने करा. मधली वर्षं त्याने ओढली आहेत.

जोडीदार नाही म्हणाला तर? मान्य करा. पुल रिक्वेस्ट पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही, त्या पाठवत राहा. आणि तुम्ही पोहोचेपर्यंत तोही थकून गप्प झालेला असेल, महिनोन्‌महिने उत्तर देत नसेल, तर पायपीआयवर बेवारस नाव पुढे चालवायला घेण्याची रीतसर वाट आहे, पीईपी ५४१ नावाचा नियम. आधी सगळ्या मार्गांनी संपर्क करून बघणं त्यात अपेक्षितच आहे. घाईने फोर्क, म्हणजे वेगळी प्रत, काढून लोकांची दोन घरं करू नका.

सहा-आठ महिने असं काम झालं की बहुधा तोच म्हणेल, अॅक्सेस घे. तेव्हा घ्या, पण जेवढा लागतो तेवढाच. मर्ज करायचा अधिकार पुरे, रिलीज प्रकाशित करायचा अधिकार नंतर बघू. पायपीआयवर एप्रिल २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग आहे, त्यात कुणाच्याही संगणकावर कायमचं टोकन ठेवावं लागत नाही. ते बसवून द्या, दोघांचीही झोप सुधारेल.

त्याच सुमारास मराठी वाचणारा एक रिव्ह्यूकार शोधा. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पायथन येणारी आणि घरी मराठी बोलणारी मुलं मुबलक आहेत, त्यांना असं खरं काम कुणी दाखवत नाही एवढंच. शनिवारी कॉलेज रोडला तासभर बसा, आचारी-आचार्यची टेस्ट तिच्या किंवा त्याच्या हातून लिहून घ्या. मग रेपोत एक छोटी फाइल घाला: रिलीजच्या पायऱ्या, कुठल्या खात्याच्या चाव्या कुणाकडे, कोण सध्या रजेवर आहे, आणि रजेवर जाणाऱ्याने कुणाला कळवायचं. तिचा मसुदा जोडीदाराला आधी दाखवा आणि त्याला हवे ते बदल करू द्या. इतकी वर्षं एकट्याने काढल्यावर पहिली रजा त्यालाच लागणार आहे.